लोकमान्य नव्हे, हे दुसरे टिळक : ख्रिस्ताचा शिष्य झालेल्या मराठी कवीची गोष्ट

नांदेड/लातूर : टिळक म्हटलं की आपल्याला आधी लोकमान्य आठवतात. पण त्याच काळात, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात आणखी एक टिळक जन्मले. नाव नारायण वामन टिळक. जुन्या पिढीतल्या लोकांनी शाळेत त्यांची कविता पाठ केलेली आहे. जखमी होऊनही पिल्लांसाठी घरट्याकडे धडपडत जाणाऱ्या पक्षिणीची ती कविता म्हणताना वर्गातली पोरं रडायची. फुला-मुलांचे कवी म्हणून ते ओळखले गेले. पण या कवीने वयाच्या तेहतिसाव्या वर्षी घरदार, जात आणि मानमरातब पणाला लावून येशू ख्रिस्ताचं शिष्यत्व घेतलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

धर्म बदलण्याचा विषय निघाला की आज गावात लगेच दोन बाजू पडतात. एक बाजू विचारते, काय आमिष मिळालं? दुसरी बाजू म्हणते, ज्याचा त्याचा प्रश्न. टिळकांचं आयुष्य या दोन्ही बाजूंच्या लोकांनी शांतपणे वाचावं असं आहे. कारण त्यांना मिळालं थोडं आणि गेलं फार. त्यांच्यासोबत दुसऱ्या एका माणसाचंही फार गेलं, ते म्हणजे त्यांच्या बायकोचं.

आई गेली आणि घर सुटलं

६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातल्या करजगावात टिळकांचा जन्म झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई मायाळू आणि देवभोळी, स्वतः कविता रचणारी. पोराला कवितेचं वेड आईकडून लागलं. नारायण लहान असतानाच आई वारली आणि त्या घरात त्याचं मन लागेना. तो घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. चार घरची भिक्षा मागून पोट भरायचं आणि विद्या करायची, असे ते दिवस होते.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू ही मुलगी त्यांना दिली. लग्नात नाव ठेवलं लक्ष्मी. त्या वेळी ती जेमतेम अकरा वर्षांची होती. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. तिचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र आज मराठीतल्या सगळ्यात चांगल्या पुस्तकांत धरलं जातं. नवऱ्याबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं तिच्यामुळेच.

टिळकांचा पाय एका गावात टिकत नसे. कधी मास्तर, कधी छापखान्यात अक्षरं जुळवणारे, कधी पुराण-कीर्तन सांगणारे. मनात आलं की न सांगता निघून जायचे. हातात पैसा आला की समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे. घरी चूल पेटायची की नाही, ही काळजी लक्ष्मीबाईंची. विद्वान म्हणून नाव होत होतं, संसार मात्र कायम अर्धवट.

पुढे ते नागपूरला आले. तिथले श्रीमंत सावकार अप्पासाहेब बुटी यांनी त्यांना आश्रय दिला. संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. पण डोक्यात एक वेगळाच विचार घोळत होता. या देशाला जातिभेद नसलेला, माणसाला माणूस म्हणून धरणारा धर्म हवा, असं त्यांना वाटायचं. मिळत नसेल तर आपणच नवा धर्म काढावा, इथपर्यंत ते आले होते.

रेल्वेच्या डब्यातली भेट

१८९३ च्या सुमारास नोकरीसाठी टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा माणूस बसला होता. दोघांत कवितेच्या गप्पा सुरू झाल्या, मग धर्माच्या. उतरण्याआधी त्या माणसाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. हे वाचत राहिलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगून गेला. टिळकांना तेव्हा हे हास्यास्पद वाटलं. पण दिलेल्या शब्दाखातर त्यांनी पुस्तक उघडलं.

त्याने पत्ता मागितला नाही, वर्गणी मागितली नाही, मागे माणसं लावली नाहीत. एक पुस्तक दिलं आणि आपल्या वाटेने गेला.

पुस्तक वाचता वाचता टिळक मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले. दीनदुबळ्यांना धन्य म्हणणारं, वैऱ्यावरही माया करायला सांगणारं, दिखाऊ देवधर्माला नकार देणारं ते प्रवचन आहे. जो धर्म आपण शोधतोय तो इथे आधीच सांगितलेला आहे, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मिशनच्या लोकांशी पत्रव्यवहार सुरू केला. शंका विचारल्या, वाद घातले, पुन्हा वाचलं.

आपल्याकडे गळ्यात माळ घालणाऱ्या वारकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. माळ घालणं म्हणजे नुसते तुळशीचे मणी नव्हेत. त्या दिवसापासून मटण सुटतं, दारू सुटते, खोटं बोलताना गळ्यातली माळ आठवते. टिळकांच्या लेखी ख्रिस्ताचं शिष्यत्व तसंच होतं. नाव बदलायचं नाही, भाषा बदलायची नाही, पण ज्याला गुरू मानलं त्याच्यामागे खरोखर चालायचं. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणून पोचवलं, असं ते पुढे उघडपणे सांगायचे.

१० फेब्रुवारी १८९५

या दिवशी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी परदेशी मिशनऱ्याच्या हातून घेतला नाही, रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून घेतला. आपण ख्रिस्ताकडे जातोय, साहेबाकडे नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून दाखवायचं होतं.

बातमी पसरली आणि चित्पावन समाजात खळबळ उडाली. एवढा मोठा पंडित बाटला, असं लोक म्हणू लागले. नातलगांनी संबंध तोडले. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाला स्वतःच्या भावाच्या घरीही पाणी मिळत नसे.

पण सगळ्यात मोठा घाव बसला लक्ष्मीबाईंवर. नवऱ्याने एवढा निर्णय घेतला तो त्यांना विश्वासात न घेता. पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. माहेरचे आणि बहिणीकडचे लोक सांभाळत होते, पण लोकांच्या नजरा आणि बोलणं चुकत नव्हतं. काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. ज्या गावी अवघा महाराष्ट्र विठ्ठलाला भेटायला जातो, तिथे ही बाई नवऱ्याच्या आठवणीने झुरत होती.

इथे टिळकांची चूक झाली, हे मान्य करायला हवं. देवाची हाक ऐकताना त्यांनी जवळच्या माणसाला अंधारात ठेवलं. सत्यासाठी स्वतःचं सोडणं ही एक गोष्ट, आणि आपल्या निर्णयाची झळ न विचारता दुसऱ्याला देणं ही दुसरी. लक्ष्मीबाईंनी आपल्या पुस्तकात हे दुःख लपवलेलं नाही, पण नवऱ्याला शिव्याही घातलेल्या नाहीत. राग, माया आणि थट्टा हे सगळं त्यांनी एकत्र मांडलं आहे.

दोन चुली, एक घर

साडेचार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांकडे परत आल्या. टिळक तेव्हा अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला होते. बीडच्या आष्टी तालुक्यापासून हे शहर हाकेच्या अंतरावर. तिथे ते मिशनच्या धर्मशाळेत शिकवत होते.

बाई आल्या, पण धर्म सोडून नव्हे. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं-ओवळं तसंच. टिळकांनी ते मान्य केलं. बाप्तिस्मा घे म्हणून त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. गावभर प्रवचन करणारा माणूस घरात मात्र गप्प राहून वाट बघत होता. ज्याने कधी कुणाची वाट पाहिली नाही, न सांगता घर सोडून जाणं ज्याचा स्वभाव होता, त्याच्यासाठी हे सोपं नव्हतं.

लक्ष्मीबाईंनी आपला विचार आपणच केला. माणसांच्या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने सगळ्यांना सारखंच घडवलं असेल तर एकाच्या हातचं पाणी चालतं आणि दुसऱ्याचं का चालत नाही? हा प्रश्न त्यांना पडला आणि उत्तर सापडल्यावर त्यांनी शिवाशीव टाकून दिली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून नाही, स्वतःला पटलं म्हणून.

आपला विश्वास दुसऱ्याला सांगणं म्हणजे काय, याचं उत्तर टिळकांच्या घरातच मिळतं. शेकडो लोकांपुढे केलेल्या कीर्तनापेक्षा बायकोच्या वेगळ्या चुलीला त्यांनी दिलेला मान जास्त बोलून गेला असावा.

दुष्काळ, प्लेग आणि भरलेलं घर

ते दिवस महाराष्ट्रासाठी फार वाईट होते. १८९६ पासून प्लेग सुरू झाला होता. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. जनावरं मेली, माणसं पाला खाऊ लागली, आईबापाविना पोरं रस्त्यावर आली. टिळकांच्या घरात अशी पोरं येत राहिली. स्वतःच्या घरात दोन वेळचं नीट नसताना टिळक आणखी एकाचा हात धरून घेऊन यायचे. आधी कपाळाला हात लावणाऱ्या लक्ष्मीबाई नंतर त्या पोरांना न्हाऊ-माखू घालायच्या. प्लेगच्या रोग्यांजवळ जायला सख्खे नातलग घाबरत, तिथे या बाई सेवेला गेल्या.

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. ते भरवण्यात टिळकांचा पुढाकार होता. त्यात सोळा-सतरा वर्षांच्या एका पोराने कविता म्हटली आणि सगळे थक्क झाले. तो त्र्यंबक बापूजी ठोमरे. तिथेच त्याला बालकवी हे नाव मिळालं. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला. टिळक पती-पत्नीने त्याला पोटच्या पोरासारखं जपलं. ख्रिस्ती पाळकाच्या घरात राहूनही बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्यावरून त्यांच्या मायेत काही उणं पडलं नाही. मदतीच्या बदल्यात धर्म, असा हिशोब त्या घरात नव्हता.

चर्चमध्ये आले टाळ आणि अभंग

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा मराठी चर्चमधली बरीचशी गाणी इंग्रजी चालीवर बेतलेली होती. शब्द मराठी, पण सूर परका. खेड्यातल्या माणसाला ती पोटातून म्हणता येत नसत. टिळकांनी ओवी, अभंग आणि कीर्तन उपासनेत आणलं. शंभराहून अधिक भक्तिगीतं लिहिली. येशूला त्यांनी आई म्हटलं, गुरू म्हटलं, जसं आपल्या संतांनी विठ्ठलाला माउली म्हटलं. आजही मराठी उपासनेत पेटी-तबल्यावर टिळकांची गीतं गायली जातात. गाणाऱ्यांतल्या कित्येकांना ती कुणाची आहेत हे ठाऊकही नसतं.

१९०४ साली त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड टिळक झाले. १८४२ पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राच्या मराठी भागाचं संपादन त्यांनी १९१२ पासून शेवटपर्यंत केलं. ख्रिस्ती झालेला माणूस देशाला परका होतो, हा समज त्यांना मान्य नव्हता. त्यांनी देशप्रेमाच्या कविता लिहिल्या, आणि मिशनमध्ये परदेशी लोकांचा वरचष्मा असतो हेही तोंडावर सांगितलं. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगणारं 'ख्रिस्तायन' त्यांनी लिहायला घेतलं, पण ते त्यांच्या हातून पुरं झालं नाही. पुढची बहुतेक प्रकरणं लक्ष्मीबाईंनी लिहिली. एकेकाळी जिला जेमतेम अक्षरओळख होती आणि नवऱ्याकडूनच जी लिहा-वाचायला शिकली, तिने नवऱ्याचा ग्रंथ तडीस नेला.

आपल्या मराठवाड्याशी नातं

टिळकांच्या आधीच मराठवाड्यात अशी एक गोष्ट घडली होती. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. पुढे ते निजामाच्या मुलखात जालन्याला आले. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना तिथे घर, विहीर, शाळा आणि कामधंदा मिळावा, ही त्यामागची धडपड. विश्वास सांगायचा तर आधी माणसाला उभं राहायला जागा द्यावी, हे त्यांनी करून दाखवलं.

आणि अलीकडची गोष्ट तर आपल्या दाराशी घडली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वसईचे ख्रिस्ती धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यानंतर २०२२ मध्ये ९५ वं संमेलन आपल्या उदगीरला भरलं. ख्रिस्ती माणूस मराठी भाषेचा वारकरी असू शकतो, हे आज कुणाला पटवून द्यावं लागत नाही. ती पायवाट ज्यांनी पाडली त्यांत टिळकांचं नाव वरचं आहे.

शेवटची दोन वर्षं : देवाचा दरबार

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माणूस सहसा नोकरी सांभाळतो. टिळकांनी ती सोडली. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडून संन्यासी वृत्तीने राहायचं ठरवलं आणि ते साताऱ्याला गेले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. आत यायला जात, पंथ किंवा रजिस्टरातलं नाव लागत नव्हतं.

हे पाऊल धाडसाचं होतं. हिंदू समाजाने त्यांना आधीच दूर केलं होतं, आणि आता चर्चमधल्याही काही लोकांना हा प्रकार रुचेना. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य कसला, असा त्यांचा सवाल. टिळकांचं म्हणणं सरळ होतं. धर्म बदलणाऱ्यांची संख्या मोजण्यापेक्षा ख्रिस्तासारखं वागणारी माणसं वाढली पाहिजेत.

दरबार फार दिवस टिकला नाही. तब्येत ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेवला. लक्ष्मीबाई त्यानंतर सतरा वर्षं जगल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, पण जाताना मराठीला 'स्मृतिचित्रे' देऊन गेल्या.

आपण काय घ्यायचं?

टिळकांनी मागे शेत ठेवलं नाही, वाडा ठेवला नाही, बँकेत पैसा ठेवला नाही. ज्या समाजातून आले तिथला मान गेला, आणि ज्या मिशनने आधार दिला त्याचा पगारही शेवटी सोडला. आमिषाने धर्म बदलणारा माणूस असा वागत नाही. त्याच वेळी, कुणाच्या घरात दुही पाडून धर्म सांगू पाहणाऱ्यानेही लक्ष्मीबाईंची ती पाच वर्षं विसरू नयेत. खुद्द टिळकांनाही बायको परत मिळाली ती वाद जिंकून नाही, तिच्या वेगळ्या चुलीला मान देऊन आणि थांबून.

आज आपल्या नांदेड-लातूरच्या गावांत सप्ताह बसतो, उरूस भरतो, धम्माची वंदना होते, रविवारी उपासना होते. एकाच पाराखाली हे सगळे लोक बसतात. आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगावीशी वाटली तर टिळकांसारखी सांगावी : आपल्या भाषेत, आपल्या वागण्यातून, आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक ठेवून. ज्याला ती ऐकायची नाही त्यालाही दुष्काळात भाकर आणि आजारपणात सोबत मिळाली पाहिजे.

मराठी मातीतल्या या कवीला आणि त्याच्याइतकंच सोसणाऱ्या, त्याच्याहून कणभर जास्तच कणखर असलेल्या लक्ष्मीबाईंना विनम्र अभिवादन.